खिडकीपलीकडचा ‘हो’

दीड मिनिट. आमच्या दवाखान्याच्या खिडकीत मी एका पेशंटला दीड मिनिटाच्या वर थांबवत नाही. नाव, केसपेपर, गोळ्या कशा घ्यायच्या, परत कधी यायचं, समजलं ना, हो, चला पुढचे. बावीस वर्षं हेच चाललंय. पेशंट माझ्यामागे मला ‘सटासट बाई’ म्हणतात हे मला ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचंसुद्धा. बाहेर बाकड्यांवर चाळीस माणसं खोकत बसलेली असताना एकेकाशी गोड गोड गप्पा मारायला मी काय रिकामी बसलेय?

गोळ्या मी रंगावरून सांगायचे. औषधांची नावं हातभर लांब, म्हाताऱ्या माणसांच्या जिभेवर ती चढत नाहीत. ‘पिवळी सकाळी, निळी झोपताना’ म्हटलं की काम फत्ते. ही युक्ती माझीच. आमच्या डॉक्टर मॅडमनी एकदोनदा हटकलं होतं, “अगं, नाव सांगत जा, नाहीतर लिहून देत जा.” मी म्हटलं, “मॅडम, तुम्ही आतलं बघा, बाहेरचं मी बघते.” त्या हसल्या आणि विषय तिथेच राहिला.

त्या दिवशी सकाळी अकराला लॅबमधून फोन आला. घड्याळकाकांचा रिपोर्ट होता.

घड्याळकाका म्हणजे आमचे जुने पेशंट. वय सत्त्याहत्तर, जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, अजूनही घरी टेबलाशी बसून करतात. आमच्या खिडकीवरच्या भिंतीवरचं घड्याळ त्यांनीच दोनदा उघडून चालू केलंय. हृदयाची झडप बदललेली, त्यामुळे रक्त पातळ ठेवायची गोळी रोज संध्याकाळी सहाला घ्यायची आणि महिन्यातून एकदा रक्त तपासायचं. काकू तीन वर्षांपूर्वी गेल्या. मुलगी परगावी असते. खिडकीत आले की काका आधी चष्मा पुसतात, मग बोलतात. मागच्या कुणी ‘आजोबा, आटपा’ म्हटलं तर बाजूला सरकून त्याला पुढे जाऊ देतात. त्यांच्याबद्दल तक्रार करायला कधी जागाच नसायची.

रिपोर्ट बघून मॅडम स्वतः उठून बाहेर आल्या. एरवी त्या येत नाहीत.

“रक्त फारच पातळ झालंय यांचं,” त्या म्हणाल्या. “मागच्या आठवड्यात दाताच्या गोळ्या घेतल्यात म्हणे, त्यानेच झालं असणार. आत्ताच्या आत्ता फोन लाव. रक्ताची गोळी आज नाही, उद्या नाही. कुठूनही रक्त आलं तर तडक हॉस्पिटल. आणि उद्या सकाळी मला भेटायला सांग.”

मी लगेच लावला. फोन कानाशी, समोर खिडकीत एक बाई, तिच्या कडेवर मूल, मूल नुसतं किंचाळतंय.

“काका, दवाखान्यातून बोलतेय. तुमची गुलाबी गोळी आज आणि उद्या बंद. बाकी सगळ्या चालू ठेवायच्या. कुठून रक्तबिक्त आलं तर हॉस्पिटल गाठायचं. उद्या सकाळी मॅडमना दाखवायचं. समजलं ना?”

“बाई, ती गुलाबी...” काका काहीतरी म्हणायला लागले.

“गुलाबी हो काका, गुलाबी! समजलं ना?”

मग म्हणाले, “हो, हो. समजलं.”

केसपेपरवर लिहिलं, ‘फोनवर कळवले’, पुढे बरोबरची खूण केली आणि त्या किंचाळणाऱ्या मुलाकडे वळले.

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी एक बाई खिडकीशी आल्या. त्यांनाही तीच रक्ताची गोळी चालू आहे. पर्समधून स्ट्रिप काढून माझ्यासमोर धरली. “बाई, ही तीच आहे ना हो? आधी गुलाबी यायची, आता पांढरी देतोय. दुकानदार म्हणतो, कंपनी बदललीय, दोन महिने झाले सगळ्यांना हीच देतोय.”

“तीच आहे. नाव वाचा की स्ट्रिपवरचं,” मी नेहमीच्या तोऱ्यात म्हटलं.

आणि म्हणता म्हणता ती स्ट्रिप त्यांच्याकडून हातात घेतली.

दोन महिने. सगळ्यांना. घड्याळकाका त्याच दुकानातून औषधं घेतात. म्हणजे त्यांच्याकडची रक्ताची गोळी आता पांढरी. मग गुलाबी कोणती? मी त्यांचा केसपेपर ओढला, घाईत दोन कागद खाली पडले. ब्लड प्रेशरची गोळी. तीही गुलाबीच, जरा फिकी, म्हणून तिला मी ‘फिकी’ म्हणायचे; आता मात्र त्यांच्याकडे गुलाबी म्हणजे तीच एक. म्हणजे मी त्या माणसाला प्रेशरची गोळी बंद करायला सांगितली होती, आणि जी बंद करायची ती ‘चालू ठेवा’ म्हणून बजावलं होतं. स्वतःच्या तोंडाने. वर दोनदा ‘समजलं ना’ विचारून.

वर घड्याळात सव्वाचार. काका गोळी सहाला घेतात.

फोन लावला. वाजतोय, वाजतोय, बंद झाला. पुन्हा लावला. काका काम करताना कानातलं यंत्र काढून ठेवतात, हे त्यांनीच मला हसत सांगितलं होतं, घड्याळाची टिकटिक डोक्यात जाते म्हणून. तिसऱ्यांदा लावला. खिडकीत लोक जमले होते. “बाई, माझा नंबर झाला का?” “झाला की सांगेन ना! जीव खाऊ नका!” मी ओरडले, आणि माझाच आवाज मला नकोसा झाला.

आता खरं सांगते, लपवत नाही. पहिली दहा मिनिटं मी मॅडमना सांगितलंच नाही. वाटलं, काकांनी फोन उचलला की एका वाक्यात निस्तरता येईल, कुणाला कळायचंही कारण नाही. बावीस वर्षांत माझी एक चूक कुणी दाखवली नव्हती. त्या दहा मिनिटांची आजही मला लाज वाटते.

केसपेपरवर मुलीचा नंबर होता. लावला. तिने पहिल्याच रिंगला उचलला.

“ताई, दवाखान्यातून बोलतेय. घाबरू नका, काही विशेष नाही, सहज...”

“बाबांना काय झालं?” तिचा आवाज एकदम चढला. “दवाखान्यातून सहज कोण फोन करतं? काय झालंय ते सांगा ना!”

लोकांना ‘घाबरू नका’ म्हणत मी उभा जन्म काढला. ते ऐकून माणसं कशी गारठतात हे त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या कानावर पडलं. मी एक श्वास घेतला.

“ताई, ऐका. बाबांचं रक्त फार पातळ झालंय, सकाळी रिपोर्ट आला. रक्ताची गोळी आज घ्यायची नाही. मी त्यांना फोनवर चुकीची गोळी सांगितली. चूक माझी आहे. आता ते फोन उचलत नाहीयेत. सहाच्या आत मला त्यांच्यापर्यंत पोचायचंय.”

मला वाटलं, आता ही माझा उद्धार करणार. ती म्हणाली, “घराची दुसरी किल्ली खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकूंकडे असते. दार नाही उघडलं तर त्यांच्याकडून घ्या. मी निघते इथून, पण मला पोचायला चार तास लागतील. बाई, तुम्ही जाताय ना? नक्की?”

“निघालेच,” मी म्हटलं.

मग मी मॅडमच्या खोलीत शिरले, आत पेशंट असताना, दार न वाजवता. त्यांनी वर पाहिलं आणि माझा चेहरा बघून पेशंटला बाहेर बसायला सांगितलं.

“सकाळी काकांना काय म्हणालीस, तसंच्या तसं म्हण,” सगळं ऐकल्यावर त्या म्हणाल्या.

मी म्हणून दाखवलं. गुलाबी बंद, बाकी चालू, समजलं ना. तीन-चार सेकंदांचं काम. त्या शांत खोलीत ते असं काही ऐकू आलं की मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

“कंपाउंडरला खिडकीत बसव. टॅक्सी कर आणि जा,” त्या म्हणाल्या. “चुकून गोळी घेतली असेल तर ती एक गोळी लगेच काही करत नाही. पण रक्त येतंय का ते आधी बघ. नाकातून, हिरड्यांतून, लघवीतून. पडले असतील, डोक्याला लागलं असेल, तर एक मिनिट थांबू नकोस. मला फोन कर, मी हॉस्पिटलला सांगून ठेवते.”

टॅक्सीत मी पुढच्या सीटवर बसले होते, जणू त्याने गाडी लवकर जाणार होती. प्रत्येक सिग्नलला मी ड्रायव्हरकडे बघायचे. शेवटी तो म्हणाला, “मावशी, लाल दिवा माझ्या बापाचा नाही.” एरवी मी त्याला दोन सुनावल्या असत्या. तेव्हा मी समोरच्या दिव्याकडे बघत राहिले. मनात एकच चाललं होतं, काका पडले असतील, एकटे आहेत, कुणाला हाक मारायची त्यांना सवय नाही. आणि ती ‘बाई, ती गुलाबी...’ राहून राहून कानात. त्यांना काय म्हणायचं होतं?

पाच वाजून पस्तीस मिनिटांनी मी दुसऱ्या मजल्यावर त्यांचं दार वाजवलं. एकदा, दोनदा. धावत खाली जाऊन किल्ली आणावी म्हणून वळले तेवढ्यात आतून कडी निघाली.

काका दारात उभे होते. नाकाशी टॉवेल. टॉवेल पांढरा असावा, पण आता त्याचा निम्मा भाग लाल झाला होता.

“अरे, बाई तुम्ही? या या,” ते टॉवेलमागून म्हणाले. “उगाच त्रास घेतलात.”

मला रडूच कोसळलं असतं, पण वेळ नव्हता. मी त्यांना खुर्चीत बसवलं, मान पुढे झुकवायला लावली, नाक चिमटीत धरलं. “केव्हापासून येतंय?”

“तीन वाजल्यापासून. थांबतं, परत येतं.”

“आणि हॉस्पिटलात नाही गेलात? मी सांगितलं होतं ना रक्त आलं तर...” जीभ नेहमीच्या वळणावर निघाली होती. मी ती दातांखाली धरली.

“म्हटलं, नाकाचं तर आहे. एवढ्यासाठी कुणाला कशाला धावपळ,” काका म्हणाले.

टेबलावर उघडलेली तीन-चार घड्याळं, भिंग, आणि बाजूला सात खणांची गोळ्यांची डबी. आजचा खण रिकामा. डबीशेजारी एका बशीत एक गुलाबी गोळी, बाजूला काढून ठेवलेली. सांगितल्याप्रमाणे.

“पांढरी घेतलीत?” मी विचारलं.

“पाचलाच घेतली. नाक वाहतंय, म्हटलं लवकर घेऊन पडून राहावं.”

मॅडमना फोन केला. हॉस्पिटलला घेऊन जा म्हणाल्या, त्या तिथे सांगून ठेवतायत. खाली टॅक्सी थांबवून ठेवली होती. काकांना चपला घालायला मी वाकले, तेव्हा माझ्याच्याने राहवलं नाही. आयुष्यात कुठल्या पेशंटला विचारलं नाही ते विचारलं.

“काका, सकाळी मी फोनवर काय सांगितलं, ते तुमच्या शब्दांत सांगता का?”

काकांनी टॉवेलच्या कोरड्या टोकाने चष्मा पुसला. मग म्हणाले, “रागावणार नाही ना?”

“नाही हो.”

“तुम्ही म्हणालात गुलाबी बंद. आता माझी रक्ताची गोळी तर पांढरी आहे, दोन महिन्यांपासून. गुलाबी म्हणजे प्रेशरची. मग रक्त आलं तर हॉस्पिटल म्हणता, आणि बंद प्रेशरची, हे कसं? विचारणार होतो. विचारायला लागलोही होतो.”

“मग विचारलं का नाहीत?”

“तुम्ही घाईत होतात,” काका म्हणाले. टॉवेल सरळ करत, अगदी साधेपणाने. “आणि आमच्या हिने मला सांगून ठेवलं होतं. एकदा तिने तुम्हाला दोनदा विचारलं होतं, जेवणाआधी की नंतर. तुम्ही म्हणालात, ‘काकू, एकदा सांगितलं ना, सगळी लाइन खोळंबलीय.’ सगळे बघायला लागले तिच्याकडे. तेव्हापासून ती म्हणायची, तिथे नुसतं हो म्हणावं. घरी येऊन बघू काय ते.”

मला ते आठवत नव्हतं. कसं आठवणार? दिवसातून वीस जणांना म्हणत असेन. पण काकूंना आठवत होतं, मरेपर्यंत, आणि जाताना त्या नवऱ्याला तेवढं शिकवून गेल्या होत्या. माझ्या खिडकीत आजवर किती ‘हो’ आले आणि त्यातले किती असे होते, हा विचार आला. मी काकांची दुसरी चप्पल हातात घेऊन तशीच जमिनीवर बसून राहिले.

“चला बाई,” उलट तेच म्हणाले. “उशीर होईल.”

हॉस्पिटलात मॅडमचा फोन पोचला होता म्हणून बरं झालं. लगेच आत घेतलं. नाकात कापसाची पट्टी ठासली, इंजेक्शन दिलं, रक्त तपासायला नेलं. तास-सव्वातास मी बाहेरच्या बाकड्यावर जीव मुठीत धरून बसले होते. बावीस वर्षांत बाकड्याच्या या बाजूला मी बसले नव्हते. कुणी पांढऱ्या कोटातलं दिसलं की उठायचं, ते पुढे निघून गेलं की बसायचं. कुणी काही सांगत नाही. विचारायला गेलं तर ‘सांगतो, थांबा’. मुलीचा दर पंधरा मिनिटांनी फोन. दर वेळी मी तिला जे माहीत आहे तेवढंच सांगत होते आणि जे माहीत नाही ते ‘माहीत नाही ताई’ म्हणत होते. ‘घाबरू नका’ एकदाही म्हटलं नाही.

सातच्या सुमाराला एक तरुण डॉक्टर बाहेर आला. “नाकाचं थांबलंय. आजची रात्र ठेवून घेतो. वेळेवर आणलंत, घरीच झोपले असते तर कठीण होतं,” एवढं म्हणून तो गेला. कठीण म्हणजे काय, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

काकांना चाकाच्या खुर्चीत बसवून बाहेर आणलं. नाकात पट्टी, चेहरा उतरलेला, पण जाता जाता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाले, “चार मिनिटं मागे आहे.” मी हसले आणि त्याच वेळी डोळे भरून आले.

काउंटरला एक बाई होती, माझ्याच वयाची. मागे लाइन. तिने कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला आणि मान वर न करता सुरुवात केली.

“हा पेपर तिसऱ्या मजल्यावर सिस्टरला द्यायचा, हा इथे सही करून परत, रात्रीची गोळी नाही, प्रेशरची द्यायची पण बीपी बघून, पाणी चालेल, गरम काही नाही, पहाटे रक्त घेतील तोवर उपाशी, नाकातली पट्टी काढायची नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून, घशात रक्त उतरलं तर गिळायचं नाही, बेल मारायची. समजलं ना?”

“हो,” मी म्हटलं.

कागद उचलले, खुर्ची वळवली, लिफ्टपाशी आले. काकांनी माझ्या ओढणीचं टोक धरून हलकेच ओढलं.

“बाई, काय म्हणाल्या त्या? पाणी प्यायचं की उपाशी?”

मी तोंड उघडलं. आणि माझ्या लक्षात आलं की मला एक अक्षर आठवत नाहीये. कोणता कागद कुठे द्यायचा, प्रेशरची द्यायची की नाही, घशात काय उतरलं तर काय करायचं. बावीस वर्षं हेच काम करणारी मी, आणि डोक्यात सगळी पाटी कोरी. तरी मी ‘हो’ म्हटलं होतं. मागे लाइन होती, ती बाई घाईत होती, आणि माझा जीव काकांपाशी अडकला होता.

लिफ्टचं दार उघडलं. मी आत गेले नाही. खुर्ची फिरवली आणि परत काउंटरकडे ढकलायला लागले.

“नको हो,” काका घाबरून म्हणाले. “रागावतील त्या.”

“रागावू देत,” मी म्हटलं, आणि लाइनीच्या शेवटी जाऊन उभी राहिले.